फार्माच्या प्रीलिमचे एमसीक्यू काढतेय : चुकीचे पर्याय आणायचे कुठून?

मखमलाबादची_फार्मा

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजात फार्माकॉलॉजीला (औषधशास्त्राला) असिस्टंट प्रोफेसर आहे. सेकंड एमबीबीएसची प्रीलिम तोंडावर आली आहे आणि एमसीक्यू काढायचं काम नेहमीप्रमाणे डिपार्टमेंटमधल्या सगळ्यात ज्युनिअर माणसाच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडलंय. १०० मार्कांचा पेपर, त्यात २० मार्कांचे एमसीक्यू. थिअरीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त वजन एमसीक्यूला द्यायचं नाही असा नियमच आहे, त्यामुळे आकड्याबद्दल वाद नाही.

एचओडी (विभागप्रमुख) म्हणाले, "एवढा विचार कसला करताय, बँकेतून उचला." बँक म्हणजे एक जुनी वर्ड फाइल. कोणी सुरू केली कोणालाच माहीत नाही, प्रत्येक बॅचला त्यातलेच प्रश्न पुढेमागे करून जातात आणि होस्टेलवर तिच्या झेरॉक्सही फिरतात. ती उघडून बसले. त्यातला एक नमुना देते, ऑरगॅनोफॉस्फरस म्हणजे फवारणीच्या कीटकनाशकांच्या विषबाधेवरचा. पेपर अर्थातच इंग्रजीत असतो, इथे मराठीत मांडतेय.

ऑरगॅनोफॉस्फरस विषबाधेबाबत पुढीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?
अ) कोलिनेस्टरेज एन्झाइमचे काम थांबते
ब) बाहुल्या आकसतात
क) ॲट्रोपिन हा उपचार आहे
ड) वरीलपैकी एकही नाही

उत्तर ड. मला हा प्रश्न खटकतो, पण नेमकं काय खटकतं ते एचओडींना पटेल अशा भाषेत सांगता येत नाहीये. शिक्षकांच्या बेसिक कोर्समध्ये एमसीक्यूवर एक सेशन झालं होतं, पण ते जेवणानंतरचं. स्टेम (पर्यायांच्या वरचा प्रश्न), की (बरोबर उत्तर), डिस्ट्रॅक्टर (चुकीचे पर्याय) एवढे शब्द लक्षात राहिले आणि बाकी ताकाबरोबर गेलं.

खरी अडचण चुकीच्या पर्यायांची आहे. बरोबर उत्तर लिहायला अर्धा मिनिट लागतो. एक चुकीचा पर्यायही सुचतो. दुसरा ओढूनताणून येतो, आणि तिसऱ्यासाठी मी खिडकीतून बाहेर बघत बसते. शेवटी "वरीलपैकी सर्व" लिहून मोकळं व्हावंसं वाटतं.

अजून एक कोडं आहे. मागच्या टर्मिनल परीक्षेला एका प्रश्नात पहिल्या बाकावरच्या, पुस्तक कोळून प्यायलेल्या पोरी चुकल्या आणि ज्यांना हजेरीसाठी शोधून आणावं लागतं ती मंडळी बरोबर आली. हे कशाचं लक्षण?

आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला, अगदी उशाशी आहे, पण असल्या बारक्या शंका घेऊन तिथे कोणाकडे जायचं? म्हणून इथे विचारतेय.

निवृत्त_मेडिसिनवाला

मॅडम, तो प्रश्न तुम्हाला खटकतो कारण तो टाकाऊच आहे. १९९८ साली आरोग्य विद्यापीठ झालं त्याच्या आधीपासून मी नाशकात शिकवत होतो, आणि हा प्रश्न, किंवा त्याचा सख्खा भाऊ, तेव्हाही बँकेत होता.

"बरोबर नाही" असं विचारायचं आणि उत्तर "एकही नाही" ठेवायचं, म्हणजे नकारावर नकार. मुलाला ऑरगॅनोफॉस्फरस कळलंय की नाही ते राहिलं बाजूला, तो वाक्याचा अर्थ लावण्यातच दमतो. पण याहून मोठा दोष वेगळा आहे. ते तीन पर्याय एकमेकांसमोर उभेच राहत नाहीत. एक एन्झाइमबद्दल बोलतो, एक डोळ्याबद्दल, एक औषधाबद्दल. तुलना कशाची करायची? हे तीन सुटे खरं-खोटं प्रश्न आहेत, एका दोरीत बांधलेले. पर्याय एका जातीचे हवेत. सगळी औषधं, किंवा सगळी निदानं, किंवा "आता पुढे काय कराल" याची सगळी उत्तरं.

एचओडींना पटवायचं असेल तर त्यांच्याच टेबलावर एक प्रयोग करा. चारही पर्याय हाताने झाका आणि त्यांना फक्त वरचं वाक्य वाचायला द्या. "ऑरगॅनोफॉस्फरस विषबाधेबाबत कोणते विधान बरोबर नाही?" सांगा म्हणावं उत्तर. ते काय सांगणार? जगातली सगळी चुकीची विधानं त्याचं उत्तर होऊ शकतात. पर्याय झाकूनही अभ्यास केलेल्या पोराला उत्तर देता आलं पाहिजे. येत नसेल तर तो प्रश्नच नव्हे. एवढी एक चाळणी लावली तरी तुमची अर्धी वर्ड फाइल गळून पडेल.

आता चुकीच्या पर्यायांचं. ते पुस्तकात सापडणार नाहीत, कारण पुस्तकात बरोबर काय तेच लिहिलेलं असतं. चुका असतात पोरांकडे. व्हायव्हाला परीक्षक म्हणून बसता ना? तेव्हा शेजारी एक वही ठेवा. पोरगं जे चुकीचं पण ठामपणे सांगतं, ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. "माहीत नाही सर" याचा उपयोग नाही. ठाम चूक म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी तर्क आहे, आणि तो तर्क वर्गात आणखी दहा जणांच्या डोक्यात असतो.

तुमच्याच विषयावर दाखवतो. आपल्याकडे द्राक्षाच्या पट्ट्यात, निफाड-दिंडोरीकडून, असे पेशंट येत असतात. ॲट्रोपिन देतात हे कोणालाही माहीत असतं, कॅज्युअल्टीच्या मामांनासुद्धा. ते विचारून काय मिळणार? घोळ होतो तो ॲट्रोपिन कुठपर्यंत द्यायचं इथे. डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जायचा आणि फुफ्फुसं मोकळी होईपर्यंत थांबायचं नाही, हा नियम. पोरं काय करतात? नाडी ११० झाली की घाबरून थांबवतात. बाहुल्या मोठ्या झाल्या की "ॲट्रोपिनाइज झाला", म्हणजे ॲट्रोपिन पुरेसं चढलं, म्हणून थांबवतात. फुफ्फुसं मोकळी व्हायच्या आधीच सलाइनमधून मेंटेनन्स डोस सुरू करून चहाला जातात. आणि एक चूक तर मला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. क्रेप्स (छातीतले चरचर आवाज) ऐकू आले की पल्मनरी एडीमा, म्हणजे हार्टमुळे फुफ्फुसांत पाणी, असं धरून लॅसिक्सचं (लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचं) इंजेक्शन भरून घेतात! अहो, तो स्राव आहे, हार्ट फेल्युअर नव्हे. हे मी इंटर्नच्या हातात ॲम्प्युल बघितलं तेव्हा कळलं.

मिळाले की नाही चुकीचे पर्याय? तिसऱ्यासाठी खिडकीतून बघायची गरज पडली नाही.

आणि खरंच तिसरा सुचत नसेल तर लिहू नका, हे माझं मत. मायकेल रॉड्रिगेझ नावाच्या संशोधकाने २००५ साली ऐंशी वर्षांतले अभ्यास एकत्र करून मांडलंय की एक बरोबर आणि दोन चुकीचे, असे तीन पर्याय पुरतात. चौथा बहुतेक वेळा भरतीचा असतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. आपल्याकडे चारचा साचा ठरलेला आहे, तुम्ही एकट्या तो मोडू शकणार नाही, ते ठीक. पण चौथा पर्याय लिहिता आला नाही म्हणून झोप घालवू नका.

"वरीलपैकी सर्व" मात्र हद्दपार करा. दोन पर्याय बरोबर आहेत एवढं ओळखलं की तिसरा न वाचताच उत्तर मिळतं.

तुक्का_एक्सपर्ट

मी इंटर्न आहे, सिव्हिलला पोस्टिंग चालू आहे आणि रात्री पीजीच्या प्रवेश परीक्षेची, म्हणजे नीट पीजीची तयारी. मॅडम, तुम्ही प्रश्न कसे काढायचे ते विचारताय, मी प्रश्न न वाचता उत्तर कसं काढायचं ते सांगतो. दोन्ही बाजू कळलेल्या बऱ्या.

सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो. सर लोकांना बरोबर उत्तरावर कोणी हरकत घेऊ नये असं वाटतं, म्हणून त्यातच "सहसा", "प्रौढ रुग्णांमध्ये", "इतर कारणे वगळल्यास" असं सगळं घुसवतात. चुकीचे पर्याय दोन शब्दांत उरकतात. याउलट "नेहमी", "कधीच नाही", "फक्त" असं काही दिसलं की तो पर्याय बाद. मेडिसिनमध्ये नेहमी असं काहीच नसतं, हे पहिल्या वर्षीच कळतं.

मग जोड्यांचा खेळ. समजा पर्याय असे आहेत :

अ) ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम
ब) ॲट्रोपिन आणि नॅलोक्सोन
क) प्रॅलिडॉक्सिम आणि फ्लुमाझेनिल
ड) ॲट्रोपिन आणि फिजोस्टिग्मिन

प्रश्न झाकला तरी चालेल. ॲट्रोपिन तीनदा आलंय, प्रॅलिडॉक्सिम दोनदा, बाकीची एकेकदा. म्हणजे सरांनी आधी "ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम" लिहिलं आणि त्याचेच तुकडे इकडेतिकडे जोडले. उत्तर अ. फार्मा शून्य, मार्क एक.

इंग्रजी पेपरात आणखी सोपं. स्टेम "an" वर संपलं की स्वराने सुरू होणारा एकच पर्याय उरतो. आणि स्टेममधला एखादा विचित्र शब्द एकाच पर्यायात परत दिसला तर डोळे मिटून तोच.

काहीच सुचलं नाही तर ब किंवा क. पहिलाच पर्याय बरोबर ठेवणं म्हणजे उत्तर उघड्यावर टाकल्यासारखं वाटत असावं, म्हणून सर मंडळी ते मधे लपवतात.

नीट पीजीत हे कमी चालतं. तिथले प्रश्न चाळून आलेले असतात. २०० प्रश्न, २१० मिनिटं, बरोबरला ४ आणि चुकलं तर १ वजा. गंमत म्हणजे चारांतला एक डोळे मिटून ठोकला तरी सरासरीने पाव मार्क पदरात पडतो, आणि दोन पर्याय नक्की बाद करता आले तर दीड. कॉलेजच्या परीक्षेत तर वजाबाकीच नसते. २० प्रश्नांत आंधळे ५ ठरलेले. वर तुमच्या वर्ड फाइलची झेरॉक्स. (हो, माझ्याकडेही आहे.)

पिंपळगावची_सिस्टर_ट्यूटर

मी नर्सिंगला शिकवते, जीएनएमच्या मुलींना. सरांचं म्हणणं पटतं, पण हल्ली केसवर प्रश्न विचारायचे म्हणून जे चाललंय त्यावर मला बोलायचं आहे. आमच्याकडे एका वर्कशॉपनंतर सगळ्यांनी ठरवलं की आता "खालीलपैकी कोणते" बंद, प्रत्येक प्रश्न केसचा. झालं, प्रत्येक प्रश्न अर्ध्या पानाचा. पेशंटचं गाव, धंदा, बायकोचं वय, त्याला विडीची सवय, सगळी कहाणी, आणि शेवटी विचारलंय काय तर इन्सुलिन कोणत्या अँगलने टोचायचं!

माझ्या वर्गात सुरगाणा, पेठ, कळवणच्या मुली आहेत. बारावीपर्यंत मराठी माध्यम. वॉर्डात ठेवा त्यांना, हात असा चालतो की बघत राहावं. पण दहा ओळींचं इंग्रजी वाचून होईस्तोवर शेजारचीचे तीन प्रश्न झालेले असतात. मग परीक्षा नर्सिंगची झाली की इंग्रजीची? सर, तुमच्या जमान्यात पेपर लिहिणारी मुलं शहरातल्या शाळांची होती. आता तसं नाही.

निवृत्त_मेडिसिनवाला

सिस्टर, माझ्या जमान्यातही मुलं सुरगाण्याची होती, फक्त कमी होती. पण तुमचा मुद्दा सोळा आणे खरा आहे आणि तो एमबीबीएसलाही लागू आहे. केस टाकली म्हणजे प्रश्न आपोआप शहाणा होत नाही. इन्सुलिनच्या प्रश्नात पेशंटची विडी काढून टाकली तर उत्तर बदलतं का? नाही बदलत. मग ती ओळ कशाला पोसायची? अशा प्रश्नाला केस नकोच. सरळ विचारा आणि पुढे जा.

स्टेम लांब असावं की आखूड, हा वाद मला पटत नाही. त्यातली प्रत्येक ओळ एखाद्या चुकीच्या पर्यायाचा काटा काढते का, एवढं बघायचं. उदाहरण देतो, तुमच्या पेठ-सुरगाण्याचंच.

पावसाळा. १९ वर्षांचा मुलगा घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपला होता. पहाटे पोटात कळ येऊन जाग आली. सकाळी पापण्या जड, गिळता येईना. अंगावर जखम किंवा सूज नाही. काचेच्या ट्यूबमध्ये ठेवलेलं रक्त २० मिनिटांनी गोठलेलं. कोणत्या सापाच्या दंशाची शक्यता सर्वांत जास्त?

पर्याय : घोणस, नाग, फुरसे, मण्यार.

आता ओळी मोजू नका, त्यांचं काम बघा. रक्त गोठलंय, म्हणजे घोणस आणि फुरसे मागे पडले, कारण त्यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. पापण्या जड, म्हणजे विष मज्जासंस्थेवर चाललंय. मग उरले नाग आणि मण्यार. नाग चावला तर जागा सहसा सुजते, इथे सूज नाही. जमिनीवर झोपलेला माणूस, दंशाची खूण नाही आणि पहाटेची पोटदुखी, ही मण्यारीची चाल. एकही ओळ फुकट बसलेली नाही. मुलगा कितवी शिकला, वडील काय करतात, हे लिहिलेलं नाही आणि त्यावाचून काही अडत नाही. चारही पर्याय साप आहेत, चारही आपल्याकडे सापडतात आणि चारही विषारी. धामण घालून जागा भरलेली नाही.

इंग्रजीत लिहिताना वाक्यं तोडा. एका वाक्यात एक गोष्ट. तपासणीचे आकडे असतील तर वेगळ्या ओळीत मांडा. वाचायची झटापट कमी होते आणि विचार करायला वेळ उरतो.

तुक्का एक्सपर्ट, तुझी पोस्ट मी प्रिंट काढून दोन जुन्या सहकाऱ्यांना पाठवणार आहे. "ब किंवा क" वाली खोड मोडायला सोपा उपाय आहे. पर्याय वर्णक्रमाने लावायचे आणि आकडे असतील तर चढत्या क्रमाने. वर सापांचे लावलेत तसे. मग उत्तर कुठे पडतं ते आपल्या हातात राहतच नाही.

सातपूर_पीएसएम

मॅडमच्या कोड्याचं उत्तर राहिलंच की. हुशार चुकले आणि बाकीचे बरोबर आले, त्याबद्दल. आम्ही कम्युनिटी मेडिसिनवाले, आकडे दिसले की हात शिवशिवतात.

आधी उत्तराची की तपासा. गंमत नाही करत. अशा प्रश्नांत की चुकीची छापलेली असण्याची शक्यता पहिली धरायची. की बरोबर असेल तर प्रश्नात दोन उत्तरं संभवतात का ते बघा. ज्याने जास्त वाचलंय त्याला दुसऱ्या उत्तराची बाजूही दिसते आणि तो तिकडे वळतो. ज्याने फक्त गाइड वाचलंय तो सरळ जातो. त्या पहिल्या बाकावरच्या मुलींपैकी एकीला बोलावून "तुला ते का वाटलं" एवढं विचारा. पाच मिनिटांत निकाल लागेल.

आता हिशोब. समजा वर्गात १०० मुलं आहेत. एकूण मार्कांप्रमाणे रांगेत लावा आणि वरची २७ व खालची २७ घ्या. सत्तावीसच का? ट्रूमन केली यांनी १९३९ साली दाखवलं की वरचा-खालचा फरक ठळक दिसायला हवा आणि दोन्ही गटांत पुरेशी मुलंही हवीत, तर याच्या आसपास मेळ बसतो. समजा एका प्रश्नाला वरच्या गटात २२ बरोबर आले आणि खालच्या गटात ९. बेरीज ३१, भागिले ५४, म्हणजे साधारण ५७ टक्के. हा डिफिकल्टी इंडेक्स. नाव उलटं आहे, आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. ३० ते ७० मध्ये असला की मी पुढे जातो. फरक १३, भागिले २७, म्हणजे ०.४८. हा डिस्क्रिमिनेशन इंडेक्स, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांना किती वेगळं करतो त्याचा आकडा. ०.२ च्या खाली गेला तर प्रश्न दुरुस्तीला काढायचा. तुमच्या कोड्यातल्या प्रश्नाचा हा आकडा उणे येणार, आणि उणे आला की तो प्रश्न बाजूला ठेवूनच बोलायचं.

मग एकेका चुकीच्या पर्यायाकडे बघा. १०० पैकी पाच मुलंही तिकडे गेली नसतील तर तो पर्याय कामाचा नाही. वरच्यापेक्षा खालच्या गटातली जास्त गेली असतील तर छान, त्याने त्याचं काम केलं. निवृत्त सर म्हणतात ती व्हायव्हाची वही आणि हे आकडे शेजारीशेजारी ठेवा. कोणती चूक खरोखर पसरलेली आहे ते दिसतं, आणि पुढच्या वर्षी काय शिकवताना जोर द्यायचा तेही.

एक्सेलमध्ये तासाभराचं काम आहे. ओएमआरवाल्यांकडून (मशीनवर उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांकडून) कच्चा डेटा मागून घ्या, ते नुसती गुणांची यादी देऊन हात झटकतात. आणि एचओडींना प्रश्न "चांगला-वाईट" असं सांगण्यापेक्षा "सर, याचा डिस्क्रिमिनेशन उणे आहे" असं सांगून बघा. आकडा आला की आवाज खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

मखमलाबादची_फार्मा

किती लिहिलंत सगळ्यांनी! आज लंचनंतर पर्याय झाकायचा प्रयोग एचओडींवर केला. त्यांनी आधी झाकलेल्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "हा प्रश्न कोणी काढला होता?" मी काहीच बोलले नाही. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणून कोणाचं नाव दिसतं ते मला माहीत आहे.

सगळे वीस नवे काढायला वेळ नाही, पण आठ नवे काढायची परवानगी मिळाली. बाकीचे बँकेतलेच, "नाही" आणि "वरीलपैकी" काढून दुरुस्त करते. टर्मिनलच्या त्या प्रश्नाचीही की बघितली. सातपूरचे सर, की बरोबर आहे, पण एका मुलीने पर्याय ब साठी असं कारण सांगितलं की माझ्यापाशी उत्तर नव्हतं. दोन उत्तरांचाच मामला निघाला.

विषबाधेचा नवा प्रश्न टाकते. बिनधास्त चिरफाड करा.

३५ वर्षांचा शेतकरी द्राक्षबागेत फवारणी करताना अत्यवस्थ झाला. आल्यावर नाडी ५२, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, दोन्ही फुफ्फुसांत सर्वत्र क्रेप्स. ॲट्रोपिनचे डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करत दिले. आता नाडी ११२, रक्तदाब ११०/७०, बाहुल्या ४ मिलिमीटर. दोन्ही फुफ्फुसांत अजून सर्वत्र क्रेप्स आहेत आणि तोंडातून फेसाळ स्राव येतो आहे. आता काय कराल?

अ) ॲट्रोपिन थांबवून रुग्णावर लक्ष ठेवणे
ब) ॲट्रोपिनचा डोस पुन्हा दुप्पट करून देणे, कारण फुफ्फुसे मोकळी होईपर्यंत थांबायचे नसते
क) ॲट्रोपिनची मेंटेनन्स इन्फ्युजन सुरू करणे
ड) फ्युरोसेमाइड शिरेतून देणे

तुक्का_एक्सपर्ट

उत्तर ब. प्रश्न वाचला नाही.

निवृत्त_मेडिसिनवाला

कार्ट्याने बरोबर पकडलं. मॅडम, "कारण" पासून पुढचं सगळं उडवा. ते उत्तराचं स्पष्टीकरण आहे, ते तुमच्या वहीत ठेवा, पर्यायात नको. "ॲट्रोपिनचा डोस पुन्हा दुप्पट करणे" एवढंच ठेवलं की चारही एका उंचीचे होतात.

बाकी प्रश्न झकास आहे. नाडी आणि बाहुल्या मुद्दाम सुधारलेल्या दाखवल्यात आणि फुफ्फुसं तशीच ठेवलीत, तिथेच ज्याला कळलंय आणि ज्याने पाठ केलंय ते वेगळे होणार. "दोन्ही फुफ्फुसांत सर्वत्र" हे शब्द काही झालं तरी काढू नका. क्रेप्स एकाच बाजूला असते तर उलटी फुफ्फुसात गेली असेल अशी शंका घेता येते, आणि मग ॲट्रोपिन वाढवत बसणं चूक ठरतं. एखादा हुशार पोरगा नेमका तिथे भांडायला येईल.

एकच हट्ट. तीन पर्यायांत ॲट्रोपिन आहे आणि ड मध्ये नाही, त्यामुळे ड एकटा पडलाय आणि तुक्क्यावाले त्याला आधीच बाद करतील. "त्याच डोसवर ॲट्रोपिन चालू ठेवून फ्युरोसेमाइड देणे" असं करून बघा, म्हणजे तोही रांगेत येईल. फक्त क ची लांबीही मग थोडी वाढवावी लागेल. आणि पेपर प्रिंटला जायच्या आधी मेडिसिनच्या एखाद्या रजिस्ट्रारला, की न दाखवता, सोडवायला द्या. त्याचं उत्तर ब आलं नाही तर इथे परत या.